माल्टाच्या मरीनात सहा महिने: सगळं पाण्यावर येऊन अडलं

आमची ४० मीटरची यॉट ऑक्टोबर ते एप्रिल माल्टाची राजधानी व्हॅलेटाजवळच्या एका मरीनात, म्हणजे यॉट लावायच्या बंदरात होती. मी डेकवर काम करतो. मरीनाचं नाव लिहीत नाही, वाद मिटलाय. पण यंदा हिवाळ्यात तिकडे जाणाऱ्या मराठी पोरांनी पाण्याचं तेवढं नीट वाचा.

शोअर पॉवर (धक्क्यावरून बोटीला मिळणारी वीज), वायफाय, रखवाली यांत खोट काढायला जागा नाही. थ्री फेज कनेक्शन सहा महिन्यांत एकदाही ट्रिप झालं नाही. पाण्याने मात्र जीव खाल्ला.

माल्टात बारमाही नदी नाही, तळं नाही. नळाचं निम्म्याहून जास्त पाणी समुद्राचंच, आरओ प्लांटमधून आलेलं. बाकीचं चुनखडीच्या खडकातून उपसलेलं. क्षार भरपूर. आमचा हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं अंग, गडद निळा. धुतल्यावर लगेच शॅमीने (पाणी शोषणाऱ्या कापडाने) पुसला नाही, तर थेंब वाळला तिथे पांढरं कडं उमटतं, मधे निळं आणि भोवती चुन्याची रेघ. व्हिनेगरच्या पाण्याने एकेक चोळायचं. बंदरातल्या पाण्यावर तेलाचा तवंग, त्यामुळे समुद्राचं पाणी गोडं करणारा बोटीवरचा वॉटरमेकर तिथे बंद. म्हणजे नळाशिवाय गती नाही, आणि नळाला मीटर. त्यात सहाराची धूळ. दक्षिणेकडचा वारा सुटून चार थेंब पडले की अख्खं डेक तांबडं. आज धुवा, परवा पुन्हा धुवा.

जानेवारीच्या बिलात ११ घनमीटर जास्त निघाले. एकाच खांबावर दोन बोटींचे नळ, शेजाऱ्याचं पाणी आमच्या खात्यात. ऑफिसातला माणूस म्हणाला, मीटर चुकत नाही. पैसे मालकाचे, तरी मला सोसवेना. मी रत्नागिरीकडचा. मे महिन्यात वाडीत टँकर आला की कोणी किती हंडे भरले ते सगळ्यांना पाठ असतं. रोज सकाळी सातला मीटरचा फोटो काढत गेलो. वीस दिवसांचे फोटो समोर ठेवले तेव्हा रक्कम वळती झाली.

तेव्हा मी दोन स्टार देऊन मोकळा होणार होतो. मग फेब्रुवारीत ग्रेगाल आला.

ग्रेगाल म्हणजे ईशान्येचा वारा, आणि व्हॅलेटाच्या दोन्ही अंगांची बंदरं ईशान्येलाच उघडतात. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी नावापुरती, म्हणून बोट मागच्या बाजूने धक्क्याला लावतात आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, समुद्रतळातून आलेल्या दोरांवर (लेझी लाइन्सवर) धरतात. त्या रात्री आत शिरलेल्या लाटांनी बोट धक्क्याकडे ढकलली जात होती, दोर करकरत होते. रात्री दोनला मरीनाची छोटी बोट आमच्या नाळेखाली आली आणि दोन पोरांनी न सांगता जादा लाइन वर दिली. ती ओढताना शिंपल्यांनी माझे हातमोजे फाडले. मागे धक्क्यावर आमचा दोर धरून कोण उभा होता? मीटर चुकत नाही म्हणणारा तोच माणूस, भिजून चिंब. पहाटे पाचपर्यंत तो हलला नाही. आमच्या रंगाला ओरखडाही आला नाही.

म्हणून चार स्टार. पाचवा त्या मीटरमुळे गेला, तो मी देणार नाही.

नोव्हेंबराच्या आत पोचलात तर आतल्या बाजूची जागा मागा. क्षार काढणारा फिल्टर सोबत न्या, तिथे घ्यायला गेलात तर महाग पडेल. आणि दोर बांधून झाले की पहिलं काम मीटरचा फोटो, तारीख-वेळ दिसेल असा, शेजाऱ्याच्या मीटरसकट.