ताम्हण बियांपासून: पेरणी ते पहिली पानगळ

नर्सरीत ताम्हणाचं रोप सहज मिळतं, मग बी पेरायचा खटाटोप कशाला, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. कारण एकच, मूळ झाड स्वतः पाहून निवडता येतं. ताम्हण म्हणून लावलेल्या काही विदेशी भाऊबंदांची फुलं जांभळी उमलतात आणि उतरताना पांढरट पडतात. मला आपलं राज्यफूलच हवं होतं. संगमेश्वरकडे पऱ्याच्या काठी असलेलं गडद जांभळ्या घोसांचं एक झाड मे महिन्यातच हेरून ठेवलं होतं.

बोंडं थंडीत पिकतात. हिरवी तोडून काही उपयोग नाही. काळपट होऊन टोकाशी चिरायला लागली की काढावीत आणि कागदावर उन्हात ठेवावीत. बोंड उकललं की आतून चपटं, फिकट तपकिरी बी सांडतं, एका बाजूला पातळ पंख असलेलं. ते फुंकरीनंही उडतं, त्यामुळे हे काम पंखा बंद करूनच करा. सगळं बी भरलेलं नसतं. चिमटीत दाबलं की पोचट लगेच कळतं. तरी दाटच पेरावं.

बहाव्याच्या बियांसारखं टरफल घासणं, गरम पाणी ओतणं इथे लागत नाही. रात्रभर भिजवलं, कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत भरलेल्या ट्रेत फेब्रुवारीअखेर पेरलं, वर माती फक्त भुरभुरवली. ऊब मिळाली की तीनेक आठवड्यांत कोंब दिसू लागतात. झारीच्या धारेनं बी वाहून एका कोपऱ्यात जमतं. फवाऱ्यानंच पाणी द्या.

खरी कसोटी त्यानंतरचे दोन महिने. रोपं इवलीशी, मुळं अगदी वरच्या थरात. एक दुपार ट्रे सुकला तरी माना टाकतात, आणि चिखल राहिला तर बुंध्याशी कुजतात. हिरव्या नेटची सावली हवीच. चार-सहा पानं आली की पिशवीत हलवा. पावसाळ्यात मात्र काळजीच मिटते. हे मुळात ओढ्याकाठचं झाड, बाकीची रोपं पाण्यानं पिवळी पडत असताना ताम्हण जोमानं वाढत होतं.

थंडीत पानं तांबूस झाली आणि गळून गेली. रोप मेलं समजून लोक उपटतात ते याच वेळी. कृपा करून उपटू नका. बुंध्याची साल नखानं जराशी खरवडून पाहा, खाली हिरवं दिसलं तर रोप जिवंत आहे. पाणी कमी करा, पण तोडू नका. माझ्या काड्यांवर आता डोळे फुगलेत आणि एकीवर तांबूस पालवीही आलीय.

कुंडीत हे कायमचं राहणारं झाड नाही. येत्या पावसात जमिनीत लावणार. फुलांसाठी अजून काही वर्षं थांबावं लागेल, आणि तेवढी तयारी असेल तरच बियांच्या वाटेला जा. घाई असेल तर मे महिन्यात नर्सरीत जाऊन फुलावर आलेलं रोपच घ्या, म्हणजे रंगाची खात्री राहील.