सेप्टा वाचवायला गेलो आणि एनबीएस-19 घालवलं (आठ महिने वापरून)

मशीन काय आहे ते तुम्हाला माहितीच असणार, कार्बोनेट खनिजांतल्या कार्बन-ऑक्सिजनच्या आयसोटोपांचं प्रमाण मोजायचं: वायलमध्ये (छोट्या बाटलीत) हीलियम फ्लश, फॉस्फरिक अ‍ॅसिड, 72 डिग्री, निघालेला सीओटू गॅस सरळ मास स्पेकमध्ये (आयसोटोप मोजणाऱ्या यंत्रात). ते सोडा. मला बोलायचंय वायलच्या झाकणातल्या त्या रबरी चकतीबद्दल, म्हणजे सेप्टाबद्दल.

एकदा भोक पडलेला सेप्टा फेकायचा असतो, मान्य. पण मला फेकवेना, उलटा करून परत लावायचो, आणि पाच महिने खपून गेलं. मग एका रनमध्ये एनबीएस-19 चा, म्हणजे मशीन तपासायला लावायच्या संदर्भ कॅल्साइटचा, कार्बनच्या आयसोटोपांचा आकडा 0.9 पर मिल (दर हजारी) आला. जो व्याख्येनेच +1.95 आहे तो! ऑक्सिजन मात्र फारसा हलला नव्हता. दोन दिवस मास स्पेकचा सोर्स उघड, हीलियम बदल, सर्व्हिसवाल्याशी फोनवर भांड, तो एकच पालुपद लावून, अ‍ॅसिड बदला. शेवटी झाकण उजेडात धरलं तर आरपार दिसतंय. 12 मिलीच्या वायलमध्ये हवा शिरली तर तिचाच सीओटू 5 मायक्रोलिटर, आणि माझ्या 100 मायक्रोग्रॅम कॅल्साइटमधून निघणार जेमतेम 24. हवेचा कार्बन उणे साडेआठच्या आसपास, मग आकडा पडणारच ना. आणि एनबीएस-19 आता विकत मिळत नाही, त्याजागी आयएईए-603 आलंय.

डोलोमाइटवरून मात्र मी या मशीनला ज्या शिव्या घातल्या त्या परत घेतो. तेच सॅम्पल दोनदा लावलं की ऑक्सिजन वेगळा यायचा. एक्सआरडी (खनिज ओळखायची क्ष-किरण चाचणी) केल्यावर कळलं, निम्मं कॅल्साइट, निम्मं डोलोमाइट (मॅग्नेशियमवालं कार्बोनेट). कॅल्साइट पटकन संपतं, डोलोमाइट रेंगाळतं, आणि मी मधेच गॅस मोजत होतो. त्यात अ‍ॅसिड टाकल्यावर कार्बोनेटमधला दोन तृतीयांशच ऑक्सिजन सीओटूत येतो, म्हणून प्रत्येक खनिजाचं करेक्शन वेगळं. 25 डिग्रीला दोघांत जवळपास 0.8 पर मिलचा फरक.

आता 1964 ची एपस्टाइन, ग्राफ, डेगेन्स यांची जुनी युक्ती करतो, ट्रे 25 वर, पहिल्या तासाचा गॅस कॅल्साइटचा, मधला सोडून द्यायचा, तीन दिवसांनंतरचा डोलोमाइटचा. फक्त सॅम्पल पिठासारखं दळू नका, बारीक डोलोमाइट पहिल्या तासातच घुसतं, मी हेही करून बसलोय.

नवीन सेप्टा मागवलेत. जुने डब्यात आहेत, कुठे ना कुठे लागतील.