डेक बदलताय? फळीच्या रंगाआधी खालचा सांगाडा बघा

आमचं न्यू जर्सीचं घर १९९९चं आणि मागचा डेक, म्हणजे घराला जोडलेला लाकडी फळ्यांचा ओटा, तोही तेव्हाचाच. सोळा बाय बारा फूट, जमिनीपासून चार फूट उंच, बाजूला एक जिना. गेल्या वर्षी मेमध्ये आई नाशिकहून आली, सकाळी चहा घेऊन अनवाणी डेकवर गेली आणि पाच मिनिटांत तळपायात लाकडाचं कुसळ घेऊन आत आली. चिमट्याने ते काढता काढताच ठरलं की आता डागडुजी पुरे, डेक बदलायचा.

तीन काँट्रॅक्टर बोलावले. तिघांनीही आल्या आल्या एकच प्रश्न विचारला, "रंग कोणता हवाय?" आणि गाडीतून नमुन्यांची पेटी काढली. डेकखाली वाकून बघितलं ते फक्त एकाने. त्या एकामुळे आमचे हजारो डॉलर योग्य जागी गेले. म्हणून लाकूड की कंपोझिट (भुसा आणि प्लास्टिकची फळी) या नेहमीच्या प्रश्नाआधी थोडं खालचं बोलते.

स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली जा

डेक घराच्या भिंतीला ज्या आडव्या फळीवर टेकतो तिला लेजर बोर्ड म्हणतात. खाली वाकून बघणाऱ्या त्या काँट्रॅक्टरने माझ्या हातात एक लांब स्क्रूड्रायव्हर दिला आणि म्हणाला, "इथे टोचून बघा." चहात बुडवलेल्या खारीत शिरावं तसं टोक इंचभर आत गेलं. बाहेर काढलं तर त्याला काळपट ओला भुसा चिकटलेला. लेजरच्या वर पाणी अडवायला पत्र्याची पट्टी, म्हणजे फ्लॅशिंग, बसवलेलीच नव्हती. पंचवीस वर्षं पावसाचं आणि बर्फाचं पाणी फळी आणि भिंत यांच्या फटीत मुरत होतं. शिवाय फळी बोल्टने आवळलेली नव्हती, नुसत्या खिळ्यांवर होती.

याची मला खरोखर धास्ती बसली. डेक दर चौरस फुटाला ४० पौंड भार पेलेल अशा हिशेबाने बांधायचा असतो. आमच्या १९२ चौरस फुटांवर तो भार साडेसात हजार पौंडांच्या वर जातो आणि त्यातला जवळजवळ निम्मा लेजरवर येतो. मुलीच्या वाढदिवसाला आम्ही त्यावर पंचवीस माणसं उभी केली होती. डेक कोसळतात ते बहुतेक वेळा याच सांध्यात, खिळे हळूहळू उपसून येतात म्हणून.

आणखी दोन जागा टोचून बघा. एक म्हणजे खांबांचे बुडखे. दुसरी म्हणजे फळ्यांखालच्या तुळयांची, म्हणजे जॉइस्टची, वरची कड, जिथे स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपतं. या तिन्ही ठिकाणी लाकूड कडक लागलं, लेजरला बोल्ट आणि फ्लॅशिंग असलं, तर नुसत्या वरच्या फळ्या बदला आणि अर्ध्याहून जास्त पैसे वाचवा. टोक आत शिरलं तर पूर्ण डेक काढा. एका काँट्रॅक्टरने आम्हाला "सांगाडा छान आहे" म्हणत फक्त वर कंपोझिट फळ्या बसवून देण्याचा ४,२०० डॉलरचा कोट दिला होता. पंचवीस वर्षांच्या वॉरंटीचा माल कुजलेल्या तुळयांवर बसला असता. ती वॉरंटी फळीपुरती असते, खालच्या लाकडाला लागू होत नाही.

डेक २००४च्या आधीचा असेल तर एक गोष्ट कृपा करून विसरू नका. त्या काळचं प्रेशर ट्रीटेड लाकूड, म्हणजे कुजू नये म्हणून दाबाखाली औषध भरलेलं लाकूड, बहुधा सीसीए नावाच्या औषधात मुरवलेलं असे आणि त्यात आर्सेनिक असतं. २००३च्या अखेरीस घरगुती वापरासाठी ते बंद झालं. असं लाकूड फायरपिटमध्ये जाळू नका, आणि "फळ्या वाया कशाला घालवायच्या" म्हणून त्यांचे मेथी-कोथिंबिरीचे वाफेही करू नका. टाउनशिपला विचारा आणि ते सांगतील तिथेच टाका.

तीन कोट शेजारी शेजारी

हे आकडे आमच्याकडचे, गेल्या वर्षीचे. जुना डेक काढणं, नवा पाया, सांगाडा, जिना, रेलिंग आणि परमिट सगळं धरून, डॉलरमध्ये. मजुरी जागेप्रमाणे बरीच बदलते, त्यामुळे आकड्यांपेक्षा आकड्यांमधलं अंतर बघा.

| | प्रेशर ट्रीटेड पाइन | कंपोझिट | इपे (ब्राझीलचं कठीण लाकूड) |
|---|---|---|---|
| एकूण कोट | ९,८०० | १५,५०० | २१,००० |
| त्यातल्या नुसत्या फळ्या | ६५० | १,९०० | ३,२०० |
| सांगाडा | प्रेशर ट्रीटेड | प्रेशर ट्रीटेड | प्रेशर ट्रीटेड |

तिसरी ओळ नीट वाचा. वर काहीही घाला, खाली तेच औषध मारलेलं पाइन येतं, कारण कंपोझिट तुळई म्हणून वापरताच येत नाही. दुसरी ओळही बोलकी आहे. पाइन आणि कंपोझिट यांच्या फळ्यांत फरक जेमतेम साडेबाराशेचा, पण एकूण कोटात ५,७०० चा. मग बाकीचे साडेचार हजार कुठे गेले? कंपोझिट रेलिंग, कडेने झाकायच्या पट्ट्या, लपवलेल्या क्लिपा, जास्तीची मजुरी आणि काँट्रॅक्टरचा नफा. म्हणून कोट नेहमी सुटा मागा: फळ्यांचे किती, रेलिंगचे किती, सांगाड्याचे किती. एका आकड्यात गुंडाळलेल्या कोटावर घासाघीससुद्धा करता येत नाही.

फळ्यांचा हिशेब घरीही होतो. फळी साडेपाच इंच रुंद, मध्ये बारीक फट. बारा फूट खोलीला सोळा फुटी २६ फळ्या लागतात, तुटीफुटीला दहा टक्के धरून २९. जॉइस्ट सोळा इंचांवर धरले तर १३ लागतात. कंपोझिट फळ्या तिरक्या बसवायच्या असतील तर बहुतेक कंपन्या बारा इंच अंतर मागतात, म्हणजे १७ जॉइस्ट. तिरकी नक्षी कागदावर सुंदर दिसते, पण हा खर्च कुणी आधी सांगत नाही.

पायाखाली काय वाटतं

प्रेशर ट्रीटेड पाइन सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे मिळतं. त्याचा दोष म्हणजे ते ओलं येतं. वाळताना आकसतं, काही फळ्या पिळवटतात, तडकतात, आणि दुर्लक्ष केलं की त्याच तड्यांची कुसळं होतात. पण आमच्या जुन्या फळ्यांना शेवटची दहा वर्षं कुणी स्टेनचा, म्हणजे लाकडात मुरणाऱ्या रंगाचा, हातही लावला नव्हता, म्हणजे सगळा दोष लाकडाला देता येणार नाही. हल्लीच्या औषधात तांबं जास्त असतं आणि ते साधं लोखंड खातं. त्यामुळे स्क्रू आणि जॉइस्ट हँगर (तुळया अडकवायचे धातूचे आधार) हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा जाड थर चढवलेले, किंवा स्टेनलेसच हवेत. यात चार पैसे वाचवू नका.

कंपोझिट म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक. ट्रेक्स आणि टिंबरटेक ही नावं तुम्हाला शेजाऱ्यांकडून कळलीच असतील. जुन्या पिढीच्या कंपोझिटवर बुरशीचे डाग पडत. आता वरून प्लास्टिकचं कवच असलेलं घ्यावं, म्हणजे फोडणीचं तेल सांडलं तरी साबणाने निघतं. कुसळ नाही, स्टेन नाही. बर्फ काढताना मात्र लोखंडी फावडं चालत नाही, प्लास्टिकचं लागतं.

आता उन्हाचं. आम्ही तीन नमुने आणून जूनमधल्या एका दुपारी ड्राइव्हवेवर दोन तास उन्हात ठेवले: पाइन, गडद चॉकलेटी कंपोझिट आणि फिकट राखाडी कंपोझिट. मग आईला म्हटलं, "जरा पाय ठेवून बघ." पाइनवर ती आरामात उभी राहिली. राखाडीवर पावलं बदलत राहिली. चॉकलेटीवर पाऊल टेकताक्षणी "अगं बाई, हा तर तवा आहे!" म्हणून बाजूला झाली. तुमच्याकडे लहान मुलं किंवा भारतातून येणारे आईवडील अनवाणी वावरत असतील आणि डेकवर दुपारभर ऊन असेल, तर शोरूमच्या एसीत रंग ठरवू नका. नमुना घरी आणा आणि दुपारी दोन वाजता त्यावर उभे राहा. डेकवर झाडांची सावली असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

इपे हे मुख्यतः ब्राझीलमधून येणारं लाकूड. इतकं जड की पाण्यात बुडतं, आणि कठीणपणात आपल्या सागाच्या तिपटीच्या आसपास. दर स्क्रूला आधी भोक पाडावं लागतं, म्हणून मजुरी चढते. तेल न लावता सोडलं तर चंदेरी राखाडी होतं, पण टिकतं दोन पिढ्या. मी ते घेतलं नाही, ते फक्त किमतीमुळे नाही. ॲमेझॉनच्या जंगलातल्या चोरट्या तोडीशी इपेचं नाव वर्षानुवर्षं जोडलं गेलंय. नोव्हेंबर २०२४पासून साइट्स (CITES) या आंतरराष्ट्रीय कराराखाली त्याच्या व्यापाराला परवाने लागतात. घ्यायचंच असेल तर माल कुठून आला त्याची कागदपत्रं मागा. दुकानदार चाचरला तर सोडून द्या.

सीडर आणि रेडवुड मी धरलं नाही, कारण इकडे पूर्वेला ते महाग पडतं. सिअ‍ॅटल-पोर्टलंडला सीडर आणि कॅलिफोर्नियात रेडवुड यांचाही कोट जरूर घ्या. कॅलिफोर्नियात वणव्याच्या पट्ट्यात घर असेल तर कोणती फळी चालते ते आधी गावाला विचारा.

पंधरा वर्षांचा हिशेब

"लाकूड आज स्वस्त, पण शेवटी कंपोझिटच परवडतं" हे वाक्य तिन्ही काँट्रॅक्टरांनी ऐकवलं. मी वही घेऊन बसले. स्टेन दर तीन वर्षांनी, म्हणजे पंधरा वर्षांत पाचदा. स्वतः केलं तर स्टेन, ब्रश आणि क्लीनर मिळून दर वेळी दीडशे डॉलर, एकूण ७५०. पाइनचा डेक १०,५५० ला पडला. माणूस लावला तर आमच्याकडे दर वेळी आठशे, एकूण ४,०००. मग तोच डेक १३,८०० ला. कंपोझिटला साबणपाणी, म्हणजे १५,५००च.

म्हणजे स्टेन स्वतः करणार असाल तर पंधरा वर्षांनीही पाइन पाच हजारांनी स्वस्त आहे. माणूस लावणार असाल तर फरक सतराशेचा उरतो. त्या वेळी पाइनच्या फळ्या म्हाताऱ्या झालेल्या असतील आणि कंपोझिट अजून दहा वर्षं सहज चालेल, म्हणजे तिथे कंपोझिट जिंकलं. खरा प्रश्न एवढाच की दर तिसऱ्या वर्षी एक अख्खा शनिवार-रविवार तुम्ही गुडघ्यांवर बसून ब्रश मारणार आहात का. याचं उत्तर स्वतःला खरं द्या. गेल्या दहा वर्षांत एकदाही स्टेन केलं नसेल तर पुढच्या दहातही होणार नाही. तीन-चार वर्षांत घर विकायचा विचार असेल तर मात्र पाइनच घाला. विकताना लाकडी डेकचा खर्च कंपोझिटपेक्षा जास्त प्रमाणात वसूल होतो.

आम्ही काय केलं

फळ्या पाइनच्या, रेलिंग ॲल्युमिनियमचं. स्टेनची खरी डोकेदुखी फळ्यांची नसतेच, रेलिंगच्या त्या शंभरेक उभ्या दांड्यांची असते, प्रत्येकीला चार बाजू. डेक जमिनीपासून तीस इंचांहून उंच असेल तर रेलिंग लागतंच. आमच्याकडे ते किमान छत्तीस इंच उंच हवं आणि दांड्यांमधून चार इंचांचा चेंडू जाता कामा नये. ॲल्युमिनियमला १,९०० जास्त पडले. जॉइस्टच्या वरच्या कडेला चिकटवायची, पाणी अडवणारी ब्यूटाइल टेप आणि स्टेनलेस स्क्रू मिळून आणखी ३००. एकूण १२,०००. माझ्या मते या डेकवर सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे त्या तीनशेचे आहेत, कारण पुढच्या वेळी फळ्या बदलायच्या झाल्या तरी सांगाडा ठणठणीत राहील.

परमिट काढलं. खोदण्याआधी ८११ ला फोन केला. फुकट येऊन गॅस आणि विजेच्या लाइनींवर रंगाच्या खुणा करून जातात. आमच्या भागात थंडीत जमीन गोठते म्हणून पाया तीन फूट खोल लागतो. इन्स्पेक्टरने काँक्रीट ओतण्याआधी प्रत्येक खड्ड्यात टेप सोडून मोजलं. एक खड्डा चार इंच उथळ निघाला, तो पुन्हा खणायला लावला. परमिट टाळून तीनशे डॉलर वाचवा असं सुचवणारा काँट्रॅक्टर भेटला तर त्याला हे मोजणंच टाळायचं असतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काम संपलं. आईने गव्हाचा चीक काढून कुरडया घातल्या. डेकवर जुनं धोतर अंथरलं, ती अनवाणी फिरत एकेक उलटत होती. फळ्या अजून हिरवट आणि दमट होत्या. ओल्या लाकडात स्टेन मुरत नाही, वर तरंगतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पोपडे धरतो. म्हणून दर रविवारी मी फळीवर चार थेंब पाणी टाकून बघत होते. थेंब मोत्यासारखे वर राहिले तर थांबायचं, लाकडाने पिऊन टाकले तर डबा उघडायचा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी ते प्यायले.