स्कॅनकोड टूलकिट: जुन्या कोडची लायसन्सं आठ महिने शोधल्यानंतर

आठ महिन्यांपूर्वी सी भाषेतला एक जुना कोडबेस (एका सॉफ्टवेअरचा सगळा कोड) माझ्याकडे आला. अनेकांच्या हातांतून गेलेला. कुठल्या फाइलला कोणतं लायसन्स लागू आहे हे सांगू शकेल असं कुणीच उरलेलं नव्हतं. तोवर मी ग्रेपवर, म्हणजे फाइलींत दिलेला शब्द शोधणाऱ्या कमांडवर, भागवत होतो. पण ग्रेपला काय शोधायचं ते आधी सांगावं लागतं, आणि जुन्या, विचित्र लायसन्सचे शब्द आपल्याला माहीतच नसतात.

म्हणून स्कॅनकोड हे लायसन्स शोधणारं टूल घेतलं. ते प्रत्येक फाइलचा मजकूर आपल्याकडच्या हजारो लायसन्सं आणि सूचनांशी ताडून पाहतं आणि तो किती जुळतो यासाठी १०० पैकी गुण देतं. सुरुवातीला मी नव्वदीच्या पुढचे गुण दिसले की पुढे जायचो. ती सवय एका फाइलने मोडली. हेडर, म्हणजे फाइलच्या सुरुवातीचा मजकूर, अगदी ओळखीचं: वापरा, कॉपी करा, बदला, वाटा, शुल्क नाही. पहिल्याच चाळणीत ते पर्मिसिव्ह, म्हणजे फारशा अटी नसलेल्या लायसन्सच्या, गटात जाऊन बसलं. मग लायसन्स टेक्स्ट आणि डायग्नॉस्टिक्स हे दोन्ही पर्याय लावून स्कॅन पुन्हा चालवला. न जुळलेले शब्द चौकटी कंसात येतात, आणि त्या कंसांत होतं 'अव्यावसायिक कामासाठी'. सगळा अर्थच उलटा झाला. तेव्हापासून १०० च्या खालची प्रत्येक नोंद मी स्वतः वाचतो.

बीएसडी या बर्कलीतून आलेल्या लायसन्सच्या बाबतीत या टूलने खरी मदत केली. मूळ चार कलमी लायसन्समध्ये जाहिरातीत श्रेय देण्याची अट होती. बर्कलीच्या विद्यापीठाने ती २२ जुलै १९९९ रोजी मागे घेतली, पण फक्त स्वतःच्या कोडपुरती. इतरांनी तोच मजकूर उचलून त्यात आपलं नाव घातलं असेल, तर त्यांची अट कायम राहते. स्कॅनकोड या दोन्ही प्रकारांना वेगळी ओळख देतं. नुसत्या डोळ्यांनी हा फरक माझ्याकडून निसटला असता.

तरी नाव कळलं म्हणजे निकाल लागला असं नाही. सन कंपनीचा आरपीसी (दुसऱ्या संगणकावरचं काम चालवून घेण्याची सोय) हा कोड पाहा. जुन्या अटीनुसार तो स्वतःच्या प्रोग्रामचा भाग म्हणूनच वाटता येत होता. २०१० मध्ये, सन ओरॅकलकडे गेल्यावर, ओरॅकलने तो तीन कलमी (जाहिरातीची अट नसलेल्या) बीएसडीखाली आणला. जुन्या प्रतीत मात्र जुनाच मजकूर असतो, आणि स्कॅनर तोच वाचणार. पाइन या ईमेल प्रोग्रामचं उदाहरण तर मी नव्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगतो. 'बदला आणि वाटा' अशी परवानगी लिहिलेली होती, तरी बदललेली प्रत वाटण्याची मुभा त्यात नाही, असं तो बनवणाऱ्या वॉशिंग्टन विद्यापीठाचं म्हणणं होतं. असे पेच कुठलंही टूल सोडवणार नाही. ते वकिलाकडेच न्यावे लागतात.

त्रास म्हणाल तर वेग. फोल्डरांचं मोठं झाड स्कॅनला लावलं की रात्र जाते, एकाच वेळी अनेक प्रोसेस चालवल्या तरी. एका फाइलला मुळात १२० सेकंदांची मर्यादा आहे. आपोआप तयार झालेल्या अजस्र फाइली तिथे अडकतात आणि त्रुटींच्या यादीत जातात. ती यादी न पाहता अहवाल पुढे पाठवू नका. 'कॉपिंग फाइल (लायसन्सचा मजकूर ठेवलेली फाइल) पाहा' एवढंच लिहिलेलं असतं आणि ती फाइलच हरवलेली असते, तेव्हा 'अज्ञात लायसन्सचा संदर्भ' असा शेरा येतो. मग जुने टारबॉल, म्हणजे जुन्या आवृत्त्यांचे गठ्ठे, उकरायचे. यावर दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

लायसन्सी हे याच कामाचं दुसरं टूल झटपट चालतं, पण ते मुख्यतः प्रकल्पाची लायसन्स फाइल बघतं. प्रत्येक फाइलच्या हेडरमध्ये वेगळी गोष्ट दडलेली असेल तर ते पुरत नाही. चार-पाच जणांनी मिळून निर्णय नोंदवायचे असतील तर फॉसॉलॉजी हे तिसरं टूल जास्त सोयीचं पडेल. एकट्याने खोदकाम करायचं असेल तर मी स्कॅनकोडच सुचवेन.

आमच्या कोडबेसमधल्या अकरा फाइलींत लायसन्सचा एक शब्दही नाही, नुसता कॉपीराइट आणि नाव. लायसन्स नाही म्हणजे मोकळं रान नव्हे, हक्क लेखकाकडेच असतात. त्यांतल्या चार फाइलींच्या लेखकांनी लेखी परवानगी दिली आहे. उरलेल्या सात आम्ही नव्याने लिहायला घेतल्या आहेत.