हाय-फ्लो की बायपॅप: शेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेच्या बाजूने

तालुक्याच्या गावातील ज्या रुग्णालयाला सध्या हाय-फ्लो (नाकातील नळीने जोरदार प्रवाहात ऑक्सिजनमिश्रित हवा देणारे) किंवा बायपॅप (घट्ट मास्कमधून श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाबाने हवा देणारे) यांपैकी एकच यंत्र परवडणार आहे, तेथील सहकाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. रुग्णाला कशाने अधिक लाभ होतो, याची चर्चा आपण सर्वांनी वाचलेली आहे; ऑक्सिजन देताना हवेत उडणाऱ्या तुषारांचा त्रास कोणाला आणि किती होतो, एवढाच विचार येथे करतो.

मिनिटाला ६० लिटर हवा नाकात सोडायची म्हटले की जंतू खोलीभर उधळतील, अशी भीती वाटणे स्वाभाविक आहे. हाँगकाँगमधील डेव्हिड हुई यांच्या गटाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मात्र श्वास घेणाऱ्या डमीने सोडलेला धूर हाय-फ्लोच्या या कमाल प्रवाहातही सुमारे १७ सेंटीमीटरच पुढे गेला. नाकातील नळीचा जोड सैल ठेवल्यावर तोच धूर बाजूला ६२ सेंटीमीटरपर्यंत पोहोचला. नाक-तोंड झाकणारा मास्क नीट बसवला असता सीपॅपची (मास्कमधून सतत एकाच दाबाने हवा देण्याची) गळती ठळक झोत न होता चहूबाजूंनी विरून गेली, परंतु याच गटाच्या आधीच्या प्रयोगांत बायपॅपच्या एका मास्कमधून हवा जवळजवळ एक मीटर गेली होती. कागदावर पाहता, चांगल्या बसलेल्या मास्कची बाजू किंचित वरचढ ठरते. फक्त डमी खोकत नाही, तिला दाढी नसते आणि पाणी हवे म्हणून ती मास्क ओढून काढत नाही.

पुढे कोविडकाळात निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या मोजमापांत हाय-फ्लो आणि मास्कने दाबाखाली हवा देणे या दोन्ही उपचारांपेक्षा साध्या खोकल्यातूनच अधिक कण बाहेर पडताना दिसले. तेव्हा यंत्र किती हवा फेकते यापेक्षा, ते यंत्र सांभाळण्यासाठी खोकणाऱ्या तोंडाजवळ आपल्या माणसाला किती वेळा वाकावे लागते, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

माझा निर्णय येथेच झाला. आमच्याकडे येणारे बरेच रुग्ण वयस्क, दात पडलेले आणि गाल बसलेले असतात. मास्क गालाशी फटीतून वाजू लागतो, गळतीचा अलार्म होतो, सिस्टर धावत येऊन रुग्णाच्या चेहऱ्यावर ओणवी होते आणि पट्टे आवळते. जरा वेळाने नाकाच्या दांड्यावर दुखू लागले म्हणून नातेवाईक तेच पट्टे सैल करतात आणि अलार्म पुन्हा सुरू होतो. त्यातच चहाच्या घोटासाठी मास्क खाली ओढला गेला, की दाब गाठण्यासाठी धडपडणारे यंत्र प्रवाह वाढवते आणि तो झोत थेट समोरच्या माणसावर येतो. ‘आधी यंत्र थांबवा, मग मास्क काढा’ अशी पाटी आम्ही लावली आहे, पण धाप लागलेल्या माणसाने पाटी वाचावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. हाय-फ्लोवर रुग्ण बोलतो, खातो, औषध घेतो. नळीवरून साधा सर्जिकल मास्क लावता येतो आणि सिस्टरला पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून बरेच काही पाहता येते. मोजणी मी केलेली नाही, पण तोंडाजवळच्या फेऱ्या निश्चितच कमी झाल्या आहेत.

बायपॅपवर अन्याय नको. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून आम्लता वाढलेल्या सीओपीडीच्या (श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) रुग्णाला तेच लागते, आणि ब्रिटनमधील रिकव्हरी-आरएस चाचणीत कोविडच्या रुग्णांना सीपॅपने जो फायदा झाला, तो हाय-फ्लोने सिद्ध झाला नाही. छिद्र नसलेला मास्क घेऊन त्याच्या आणि उच्छ्वासाच्या छिद्राच्या मध्ये विषाणूरोधक फिल्टर बसवला, तर बाहेर पडणारी हवा गाळलेली असते; हाय-फ्लोला अशी सोय नाही. ओलाव्याने फिल्टर जड होतो, म्हणून तो वेळोवेळी बदलावा लागतो, हे मात्र खर्चात धरावे.

हाय-फ्लोची खरी अडचण ऑक्सिजनची आहे. पूर्ण ऑक्सिजनवर ६० लिटरने चालवल्यास सात घनमीटरचा जंबो सिलिंडर दोन तासही पुरत नाही; त्याच प्रवाहात ऑक्सिजनचे प्रमाण ६० टक्क्यांवर ठेवले तरी मिनिटाला जवळपास ३० लिटर शुद्ध ऑक्सिजन लागतो. ज्यांचे सारे काम सिलिंडरवर चालते, त्यांनी बायपॅपच घ्यावे आणि दोन-तीन मापांचे मास्क सोबत मागवावेत. पाइपलाइन आणि द्रवरूप ऑक्सिजनची टाकी असलेल्यांना मी हाय-फ्लो सुचवीन, मात्र खोलीत नुसता स्प्लिट एसी असेल तर त्याने बाहेरची ताजी हवा आत येत नाही, त्यामुळे यंत्रासोबतच खिडकीत एक चांगला एक्झॉस्ट पंखा बसवून घ्यावा.