व्हेरिटो डिझेल: घरी बदललेला टायमिंग बेल्ट, नऊ महिने आणि ११,४०० किलोमीटरनंतर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या महिंद्रा व्हेरिटोचा टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि वॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणारा दातेरी पट्टा), टेन्शनर (तो बेल्ट ताणलेला ठेवणारी पुली) आणि वॉटर पंप घरच्या पार्किंगमध्ये स्वतः बदलला. असे काम मी पहिल्यांदाच करत होतो. आता त्याला नऊ महिने झाले असून गाडी ११,४०० किलोमीटर चालली आहे. टायमिंगचे काम बरोबर झाले की नाही, हे पहिल्या स्टार्टला निम्मेच कळते. उरलेले निम्मे उन्हाळा, घाट आणि पावसाळा पार पडल्यावरच कळते, म्हणून लिहिण्यासाठी इतके दिवस थांबलो.

गाडी २०१४ सालची असून माझ्याकडे सेकंडहँड आली. इंजिन रेनोचे १४६१ सीसीचे डिझेल, म्हणजे २००७ साली लोगन या गाडीबरोबर आपल्याकडे आले आणि पुढे रेनोच्या डस्टरमध्येही बसले तेच. लोगन आणि व्हेरिटो आमच्या नाशिकमध्येच बनत होत्या, त्यामुळे त्यांचे सुटे भाग इथे अजून सहज मिळतात. या इंजिनात चेन नसून बेल्ट आहे, आणि बेल्ट तुटला किंवा काही दात सरकला तर उघडे वॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळतात. मग हेड, म्हणजे वॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. घरी काम करणाऱ्याने ही गोष्ट पहिला बोल्ट सोडण्यापूर्वी मनात पक्की धरावी.

खरे तर मी बेल्टच्या मागे नव्हतोच. कूलंटची पातळी दर आठवड्याला थोडी थोडी उतरत होती आणि होजपाइप सगळे कोरडे होते. शेवटी टॉर्च लावून पाहिल्यावर टायमिंग कव्हरच्या खालच्या कडेला वाळलेल्या कूलंटचा पांढुरका थर दिसला. या इंजिनाचा वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो, त्यामुळे पंप बदलायचा म्हणजे बेल्ट उतरवणे आलेच, आणि कूलंटने भिजलेला बेल्ट परत चढवणे मला मान्य नव्हते. आधीच्या मालकाच्या फाइलमध्ये ७२,००० किलोमीटरवर बेल्ट बदलल्याचे एका गॅरेजचे बिल होते. मी काम हाती घेतले तेव्हा गाडीचे रीडिंग १,१८,००० होते.

कव्हर उघडल्यावर त्या बिलाचा खरा अर्थ समजला. बेल्ट तुलनेने नवा होता, पण टेन्शनर आणि पंप गाडीबरोबर कारखान्यातून आलेलेच होते. टेन्शनरची पुली काढून बोटाने फिरवली तेव्हा ती भिंगरीसारखी मोकळी फिरत राहिली आणि आतून कोरडी खरखर ऐकू आली. नव्या किटमधली पुली तशीच फिरवली, तर ग्रीसच्या विरोधामुळे ती अर्ध्या फेऱ्यातच थांबत होती. दोन्ही पुल्या दोन हातांत धरल्यावर मला अक्षरशः घाम फुटला, कारण त्या कोरड्या बेअरिंगवर मी कुटुंबाला घेऊन कित्येक वेळा कसारा घाट चढलो आणि उतरलो होतो. बेल्ट बदलला असे सांगून बेल्टचे पैसे घेणे आणि टेन्शनर तसाच ठेवणे, याला मी काम म्हणणार नाही. बेअरिंग जाम झाले की नवाकोरा बेल्टसुद्धा उतरतो किंवा तुटतो.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. ड्रायव्हरच्या बाजूचे पुढचे चाक आणि आतले प्लास्टिक लाइनर काढावे लागते. गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर ठेवावी. ऑइल चेंबरखाली लाकडाचा ठोकळा ठेवून इंजिनाला दुसऱ्या जॅकचा आधार द्यावा आणि मगच उजवे फाउंडेशन (इंजिनाला धरून ठेवणारा आधार) सोडावे. माझा जवळजवळ एक पूर्ण दिवस या तयारीतच गेला. सगळ्यात घट्ट होता तो क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, पुलीचा बोल्ट. गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकून पत्नीने ब्रेक दाबून धरला आणि मी लांब दांडा लावून तो सोडवला. क्रँकची टायमिंग पिन इंजिन फिरू नये म्हणून अडकवण्यासाठी मुळीच वापरू नये. ती फक्त जागा दाखवणारी पिन आहे, त्या बोल्टचा जोर तिच्यावर आला तर ती वाकते आणि नुकसान आत होते.

टायमिंग जुळवण्याची पद्धत वाचायला सोपी आहे. ब्लॉकवरचा प्लग काढून त्या भोकात क्रँकची पिन बसवायची, क्रँक हळूहळू त्या पिनला टेकवायचा, आणि कॅमच्या (वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) चाकातून ८ मिलिमीटरची पिन हेडमधल्या भोकात घालायची. डिझेल पंपाच्या चाकावरची खूणही तिच्या जागी असावी लागते. मी बेल्ट चढवला, ६ मिलिमीटरच्या ॲलन कीने टेन्शनर फिरवून त्याचा काटा खुणेवर आणला आणि नट कसला. दोन्ही पिना आपापल्या जागी होत्या, खुणा जुळलेल्या दिसत होत्या, आणि इथे मला वाटले की काम झाले.

मग पिना काढून क्रँक हाताने, घड्याळाच्या दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवला. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक फेरा होतो, म्हणून दोन फेऱ्यांनंतर सगळ्या खुणा पुन्हा जागेवर यायला हव्यात. क्रँक पिनला टेकला, पण कॅमची पिन भोकात जाईना. चाकाचे भोक आणि मागचे भोक यांच्यात चंद्रकोरीएवढी कड दिसत होती. थोडे दाबले असते तर पिन कदाचित गेलीही असती. मी दाबली नाही. सगळे सोडून पुन्हा पाहिल्यावर चूक सापडली. टेन्शनर ज्या बाजूला नाही, त्या बाजूचा बेल्ट चढवताना किंचित सैल राहिला होता आणि फिरवल्यावर तो सैलपणा निघाला तसा कॅम एक दात मागे पडला. दुसऱ्या वेळी मी बेल्ट क्रँकपासून सुरू करून ती बाजू सतत ताणलेली ठेवत चढवला आणि टेन्शनर सगळ्यात शेवटी घेतला. यावेळी दोन फेऱ्यांनंतर पिन बोटांच्या चिमटीने सरळ आत गेली. टेन्शनरचा काटा थोडा हलला होता, तो पुन्हा खुणेवर आणला आणि आणखी दोन फेरे फिरवून पुन्हा तपासले. पहिल्या वेळी खुणा जुळल्या त्याच समाधानात मी किल्ली फिरवली असती, तर आज हा अनुभव वेगळ्या शब्दांत लिहावा लागला असता.

क्रँक पुलीला नवा बोल्ट वापरला आणि तो दुरुस्ती-पुस्तिकेप्रमाणे आधी टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून कसणाऱ्या पान्याने), मग अंश मोजून कसला. जुना बोल्ट वाचवण्यात अर्थ नाही, कारण असा बोल्ट कसताना ताणला जातो. कूलंट भरून हवा काढली आणि रविवारी संध्याकाळी गाडी सुरू केली. ती नेहमीसारखीच सुरू झाली.

पुढच्या नऊ महिन्यांत तीन गोष्टी सांगण्यासारख्या घडल्या. पहिल्या दोन आठवड्यांत कूलंट थोडा उतरला आणि माझे मन धसकले, पण ती आत अडकलेली हवा होती. दोनदा भरल्यानंतर पातळी आजपर्यंत हललेली नाही, मे महिन्यातल्या भर दुपारी घाट चढूनही नाही. साधारण २,३०० किलोमीटरवर सकाळच्या स्टार्टला बारीक चिरकल्यासारखा आवाज येऊ लागला. टायमिंगचाच असेल या भीतीने मी दोन दिवस गाडी बाहेर काढली नाही. बाहेरचा, अल्टरनेटरचा बेल्ट मी जुनाच परत चढवला होता, तो बदलल्यावर आवाज थांबला. इतके उघडल्यावर तोही त्याच वेळी बदलायला हवा होता. तिसरी गोष्ट म्हणजे ५,००० आणि १०,००० किलोमीटरवर केलेली तपासणी. वरच्या कव्हरच्या क्लिपा सोडल्यावर ते जेमतेम बाजूला सरकते. त्या फटीतून टॉर्चच्या उजेडात इंजिन हाताने थोडे थोडे फिरवत बेल्टची कड पाहिली. दोन्ही वेळा कड स्वच्छ होती, धागे सुटलेले नव्हते, आणि कव्हरच्या आत रबराची काळी भुकटीही नव्हती.

ॲव्हरेज वाढले का, असे अनेकांनी विचारले. नाही वाढले. हायवेला आधी जेवढे होते तेवढेच आहे, आणि तेच बरोबर आहे, कारण जुना बेल्टसुद्धा दातावर नीट बसलेला होता. टायमिंग बेल्ट बदलल्यावर ॲव्हरेज किंवा पिकअप एकदम सुधारला असेल, तर आधीचे टायमिंग चुकलेले होते असे समजावे.

पैशांचे म्हणाल तर पहिल्या वेळी फारशी बचत होत नाही. किट आणि पंपाव्यतिरिक्त टॉर्क रेंच, पिनांचा संच, दोन स्टँड आणि लांब दांडा घ्यावा लागतो, आणि गॅरेजमध्ये अर्ध्या दिवसात होणाऱ्या कामाला मला सलग तीन दिवस लागले. ज्यांना सोमवारी सकाळी गाडी हवीच आहे, त्यांनी हे घरी करू नये. ज्यांच्याकडे सपाट काँक्रीटची जागा, दुसरे वाहन आणि मदतीला एक माणूस आहे, त्यांना मी नक्की करा म्हणेन, मात्र पिना विकत किंवा उसन्या मिळाल्याशिवाय सुरुवात करू नका. पांढऱ्या रंगाच्या खुणांवर विसंबून बेल्ट बदलणारे आहेत, पण माझा चुकलेला एक दात रंगाच्या खुणेने दाखवला नसता, तो पिनेने दाखवला.

जुना टेन्शनर मी टूलबॉक्समध्ये ठेवला आहे. बॉनेटच्या आतल्या बाजूला एक स्टिकर लावून त्यावर तारीख, १,१८,००० हे रीडिंग आणि ‘बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँक बोल्ट, चारही नवे’ असे लिहिले आहे, म्हणजे ही गाडी पुढे ज्याच्याकडे जाईल त्याला नुसत्या बिलावर विसंबून राहावे लागणार नाही.