पहिलं पिस्तूल कोणतं: एअर की पॉइंट टू-टू?

साताऱ्यात-सांगलीत मुलाला किंवा मुलीला पिस्तूल नेमबाजी शिकवायची ठरली की पहिला पेच हाच पडतो. शेजारच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते २५ मीटर अंतराच्या पॉइंट टू-टू पिस्तुलावर, म्हणजे ०.२२ इंच व्यासाची खरी गोळी झाडणाऱ्या पिस्तुलावर. मुलांची ओढ तिकडं असणारच. तरी सुरुवात हवेच्या दाबानं छर्रा सोडणाऱ्या १० मीटरच्या एअर पिस्तुलानंच करावी, असं माझं ठाम मत आहे.

मुख्य कारण झटका, म्हणजे गोळी सुटताना हाताला बसणारा धक्का. पॉइंट टू-टूचा झटका तसा हलका, पण आवाजाची धास्ती बसली की नवख्याचं मनगट गोळी सुटण्याआधीच दबतं आणि नेम खाली जातो. ही सवय मोडणं फार अवघड. एअर पिस्तुलात झटका जवळपास नसतो, त्यामुळे लक्ष मूळ कामावर राहतं: नजर फ्रंट साईटवर (नळीच्या टोकावरच्या माशीवर), टार्गेटचा काळा गोल धूसर, ट्रिगर सरळ मागं, आणि छर्रा सुटल्यावरही हात क्षणभर तसाच. दहा गुणांचं वर्तुळ अवघं ११.५ मिलिमीटरचं असतं, तिथं एवढीशी चूकही लगेच दिसते.

शिवाय स्पर्धेच्या एअर पिस्तुलावर घरी कोऱ्या भिंतीसमोर ड्राय फायर, म्हणजे छर्रा न भरता ट्रिगर दाबायचा सराव, करता येतं. पॉइंट टू-टूच्या काही पिस्तुलांत रिकाम्या चेंबरवर (गोळी बसायच्या खोबणीवर) तसं केलं तर गोळीवर आघात करणारी फायरिंग पिन किंवा चेंबरची कड खराब होते.

परवान्याचा फरकही मोठा. ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही. पॉइंट टू-टूला लागतो, म्हणजे अर्ज आणि पोलीस पडताळणी आलीच. १० मीटरची रेंज एखाद्या हॉलमध्ये बसते. पॉइंट टू-टूची गोळी मात्र किलोमीटरभराहून लांब जाऊ शकते. तिला मागं भक्कम बांध असलेली रेंजच हवी. माळावर किंवा उसाच्या फडात सराव करायचा विचारही नको.

पॉइंट टू-टूची खरी गंमत रॅपिडमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या झटपट नेमाच्या फेरीत आहे. सात सेकंद हात खाली, मग तीन सेकंदांत वर आणून एक गोळी. झटक्यानंतर पिस्तूल पुन्हा जागेवर आणायची लय एअरवर शिकता येत नाही. एनसीसीत रायफल चालवून आवाजाची भीती गेलेल्यांनी इकडं लवकर वळायला हरकत नाही. बाकीच्यांनी एअरवर छर्रे एका ठिकाणी पडू लागेपर्यंत थांबावं.

क्लास निवडताना पहिल्या दिवशी काय शिकवतात ते बघा. रिकामं पिस्तूल, सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं असल्याची खूण म्हणून नळीत घालायची रंगीत पट्टी), नळी सदैव टार्गेटकडं, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, एवढं पक्कं न करता छर्रा भरायला देत असतील तर दुसरा क्लास शोधा. आणि छर्रे शिशाचे असतात. सरावानंतर साबणानं हात धुतल्याशिवाय मुलांना डबा उघडू देऊ नका.